मोहल्ल्याची राखण आणि बाजाराचा आराखडा : राहुरीच्या दुकानदारांसाठी एक पाठ

नगरहून मनमाडकडे जाणारा महामार्ग राहुरीतून जातो. शिर्डीचे भाविक, शनिशिंगणापूरकडे वळणाऱ्या गाड्या, हंगामात उसाच्या ट्रॉल्या, कांद्याचे ट्रक, सारे याच रस्त्याने. या रस्त्याने आपल्या अनेक बांधवांना रोजी दिली. पंक्चरचे दुकान, गॅरेज, वेल्डिंग, गादीचा कारखाना, बेकरी, फळांची गाडी असे किती तरी धंदे त्याच्या काठाने उभे राहिले. हाच रस्ता अपघातही दाखवतो आणि रुंदीकरणाची वार्ता आली की काठावरच्या दुकानदाराची झोप उडवतो. आत पेठेत गेलो तर जुने वाडे, अरुंद गल्ल्या, लोंबत्या तारा. तिथल्या दुकानदाराच्या मनात दोन धास्ती असतात. उद्या गावात काही वाकडे घडले तर माझ्या मालाचे काय? आणि वाडा पाडून नवी इमारत उठली तर माझ्या गाळ्याचे काय?

आमचे म्हणणे असे की या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. वेळ येण्यापूर्वी शेजाऱ्यांनी एकत्र बसावे आणि बोललेले कागदावर आणावे. हा उपदेश नव्हे, आपल्याच राज्यात होऊन गेलेला अनुभव आहे. तो आधी पाहू.

भिवंडीने काय केले?

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. मे १९७० मध्ये तेथे भीषण दंगल झाली आणि न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. मे १९८४ मध्ये पुन्हा आग भडकली. माग जळाले, कारागीर गावी पळाले, व्यापाऱ्यांची उधारी बुडाली. दंगलीत मेलेल्या माणसांची मोजदाद होते, परंतु बुडालेल्या विश्वासाची होत नाही. ज्या गावाची दंगलीबद्दल ख्याती होते, तेथे बाहेरचा व्यापारी माल उधार द्यायला कचरतो.

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे भिवंडीत आले. त्यांनी वस्तीवस्तीतून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांची संख्या सत्तरच्या आसपास होती. शांतता समित्या त्याआधीही होत्या, पण त्यांत नेहमीचेच पुढारी बसत. खोपडे यांच्या समित्यांत गल्लीतली साधी माणसे आली. मागावरचा कामगार, छोटा दुकानदार, घरची बाईमाणसे, आणि दोन्ही समाजांतून बरोबरीने. त्या भागाचा पोलीस अधिकारी स्वतः त्यांत बसे. बैठकीत नळाचे भांडण, गटारीचा वाद, पोरांची मारामारी असे किरकोळ तंटे मिटवले जात. त्यातून माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे त्यात ९०० माणसे मेली. मुंबईपासून काही मैलांवरची, दोनदा जळालेली भिवंडी मात्र त्या काळात शांत राहिली. खोपडे यांची बदली त्याआधीच झाली होती, तरी समित्या चालूच होत्या. ही गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. काम एका अधिकाऱ्यावर अवलंबून राहिले नाही, ते वस्तीचे झाले होते. पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

व्यापाऱ्याने यातून तीन गोष्टी शिकाव्यात. पहिली, समिती शांततेच्या काळात बसवावी लागते. आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. दुसरी, समितीत केवळ आपलीच माणसे असतील तर ती निम्मी समिती. शेजारचा किराणावाला, सोनार, न्हावी, चहावाला यांच्याशिवाय गल्लीची राखण होत नाही. तिसरी, मोठ्या शांततेची सवय लहान कामांतून लागते. ज्याच्याबरोबर आपण गटारीसाठी अर्ज केला, त्याच्याविषयी आलेली अफवा आपण लगेच खरी मानत नाही. आज अफवा मोबाइलवरून येते आणि चहा निवण्याआधी गावभर होते. तेव्हा समितीच्या प्रत्येक सभासदाकडे इतरांचे आणि ठाण्यातील अधिकाऱ्याचे नंबर असावेत, आणि संशयास्पद निरोप पुढे पाठवण्याआधी विचारण्याचा नियम असावा.

गल्लीची राखण कशी करावी?

राहुरीसारख्या गावात एका गल्लीला किंवा एका चौकाला पंधरा-वीस माणसांची समिती पुरते. महिन्यातून एक बैठक, ठरलेल्या दिवशी. एक वही ठेवावी. तारीख, हजर माणसे, ठरलेले काम, ते कोणी करायचे आणि पुढच्या बैठकीला ते झाले की नाही एवढे लिहिले तरी पुरे. ही वही पुढे नगरपरिषदेत आणि पोलीस ठाण्यात पुरावा म्हणून उभी राहते.

पहिल्या काही बैठकांत हाती घेण्याजोगी कामे अशी.

दिवे : कोणत्या खांबावरचा दिवा बंद आहे, याची खांबाच्या क्रमांकासह यादी करून नगरपरिषदेला द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला तारीख नसते.

रस्ता : महामार्गावर कोणत्या वळणावर, कोणत्या वेळी, कसा अपघात झाला, याची नोंद समोरच्या दुकानदाराइतकी चांगली कोणीच ठेवू शकत नाही. अशी सहा महिन्यांची नोंद हाती असेल तर गतिरोधक, फलक किंवा दुभाजकाची मागणी कोणाला सहज नाकारता येत नाही. गॅरेजवाल्यांनीही ग्राहकाच्या गाड्या रस्त्यावर उभ्या करण्याची सवय सोडली पाहिजे. मागणी करणाऱ्याचे स्वतःचे अंगण आधी स्वच्छ हवे.

कॅमेरे : प्रत्येकाने वेगळा कॅमेरा घेण्यापेक्षा चार दुकानांनी मिळून गल्लीची दोन्ही तोंडे दिसतील असे बसवावेत. त्यात घरांच्या खिडक्या दिसू नयेत. चित्रण किमान पंधरा दिवस तरी जपले जाईल असे पाहावे.

आग : गादी कारखान्यातला कापूस, बेकरीची भट्टी, वेल्डिंगच्या ठिणग्या, जास्तीचे गॅस सिलिंडर ही आपल्या धंद्यांतली रोजची धोक्याची ठिकाणे. कापसाशेजारी वेल्डिंग नको. रात्री दुकान बंद करताना मुख्य बटण बंद करावे. दर पाच-सहा दुकानांत एक चालू स्थितीतले आग विझवण्याचे नळकांडे असावे आणि ते वापरता येणारी दोन माणसे असावीत. आणीबाणीचा ११२ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा.

विमा : अर्धवट उतरवला तर अर्धाच मिळतो

पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेच्या लहान व्यवसायांसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही एकसारखी पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. आग, पूर यांबरोबर दंगल, संप आणि हेतुपुरस्सर केलेली नासधूसही तिच्यात येते. येथे बरेच जण एक चूक करतात. हप्ता कमी व्हावा म्हणून मालाची किंमत कमी दाखवतात.

हिशेब पाहा. दुकानातला माल १० लाखांचा. विमा उतरवला ५ लाखांचा. नुकसान झाले ४ लाखांचे. दुकानदाराला वाटते, विमा ५ लाखांचा आहे म्हणजे ४ लाख पुरे मिळतील. प्रत्यक्षात विमा निम्म्याच मालाचा आहे, म्हणून भरपाईही निम्मी, म्हणजे २ लाख. या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, येथे तूट ५० टक्के आहे. म्हणून मालाची वही नियमित ठेवावी, खरेदीची बिले जपावीत आणि त्यांच्या प्रती दुकानाबाहेर, घरी किंवा मोबाइलमध्ये ठेवाव्यात. दुकानाबरोबर बिलेही जळाली तर मालाची किंमत सिद्ध कशी करणार?

आराखडा बदलतो तेव्हा

आता दुसरी धास्ती. गावाची वाढ थांबत नाही आणि थांबूही नये. रुंद रस्ता, पक्की इमारत, चांगली मंडई आपल्यालाही हवी आहे. तक्रार एवढीच की बदल ठरतो तेव्हा आपण हजर नसतो आणि बुलडोझर येतो तेव्हा आपण धावतो.

विकास आराखडा : महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे नगरपरिषदेने प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. सूचनेत दिलेली मुदत साधारण महिन्या-दोन महिन्यांची असते. वेळेत लेखी हरकत देणाऱ्याला नियोजन समितीपुढे बाजू मांडता येते. समितीच्या एका तरुण सभासदाला एकच काम द्यावे : नगरपरिषदेचा सूचना फलक आणि वर्तमानपत्रातील जाहीर नोटिसा दर आठवड्याला वाचणे. आपला गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे नंबर प्रत्येकाला पाठ असावा, कारण नकाशात दुकानाचे नाव नसते, नंबर असतो.

महामार्ग : राष्ट्रीय महामार्गासाठी जागा घ्यायची असेल तर राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ खाली अधिसूचना निघते. ती प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत, त्या जागेत हितसंबंध असलेल्या कोणालाही लेखी हरकत घेता येते. २१ दिवस म्हणजे तीन आठवडे. त्यातला एक तर बातमी खरी की खोटी याच चर्चेत जातो.

हातगाडीवाले : पथविक्रेता अधिनियम २०१४ ने फेरीवाल्यांना मोठा आधार दिला आहे. सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले, आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. अल्पसंख्याकांनाही त्यात प्रतिनिधित्व द्यायचे आहे. माल जप्त केला तर त्याची यादी द्यावी लागते. नाशिवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल कामकाजाच्या दोन दिवसांत, ठरलेला आकार भरल्यावर परत करावा लागतो. फळांच्या गाडीवाल्याला हे माहीत नसले तर त्याचा माल कुजतो.

मोडकळीची इमारत : येथे दोन इमारतींची आठवण ठेवावी. मुंबईच्या भेंडीबाजारात सुमारे साडेसोळा एकरांवर, अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती, सुमारे ३२०० कुटुंबे आणि १२५० दुकाने यांचा एकत्रित पुनर्विकास सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्टने २००९ पासून हाती घेतला. पाडण्याआधी लोकांच्या राहण्याची आणि दुकानांची तात्पुरती सोय करायची, हा त्यातला घेण्याजोगा भाग. त्याच परिसरातील हुसैनी इमारत धोकादायक ठरलेली होती. काही कुटुंबे हलली, काही राहिली. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी ती कोसळली आणि ३३ जीव गेले. भिवंडीत २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे जिलानी इमारत पडली. तेथेही चाळीसच्या आसपास माणसे गेली. जागेचा हक्क जाईल या भीतीने माणूस पडत्या छपराखाली बसून राहतो, हे त्यामागचे एक दुःखद कारण असते. म्हणून हक्काचा कागद आधी पक्का करावा, म्हणजे जीव वाचवण्यासाठी पाय लवकर उचलता येतो.

जुन्या वाड्यातील भाडेकरू दुकानदाराने गाळा रिकामा करण्यापूर्वी मालक आणि बिल्डर यांच्याशी नोंदणीकृत करार करावा. नव्या गाळ्याचे चटई क्षेत्र किती, तो तळमजल्यावर की वर, रस्त्याकडे की मागे, मधल्या काळात पर्यायी जागा की भाडे, ताबा कोणत्या तारखेला, उशीर झाला तर काय, हे सर्व त्यात असावे. करार सह्या करण्याआधी वकिलाला दाखवावा. भाड्याच्या पावत्या, वीज बिले, दुकान परवाना, कराच्या पावत्या एका फाइलीत ठेवाव्यात. ‘मालक चांगला माणूस आहे’ हे खरे असेल, परंतु करार त्याच्या वारसांशीही टिकायला हवा.

पहिल्या बैठकीचे काम

माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकार अधिनियम २००५ आहे. १० रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, ३० दिवसांत उत्तर. ‘आमच्या गल्लीबद्दल सर्व माहिती द्या’ असे लिहू नये. ‘अमुक रस्त्याची मंजूर रुंदी किती? नकाशाची प्रत मिळावी,’ असे नेमके विचारावे.

वाचकांना आमची सूचना अशी. येत्या महिन्यात आपल्या गल्लीतील दहा दुकानदारांना चहाला बोलवा. त्यांत निदान निम्मे इतर समाजांचे असू द्या आणि घरच्या किंवा धंद्यातल्या दोन बहिणींनाही बसवा. मोठे भाषण नको. तीनच गोष्टी ठरवा : बंद दिव्यांची यादी कोण करणार, नोटिसांचा फलक कोण वाचणार, आणि प्रत्येकाच्या जागेच्या कागदांची फाइल कधीपर्यंत तयार होणार. भिवंडीच्या समित्यांनीही नळ आणि गटारीच्या तंट्यांपासूनच हात घातला होता. रुंदीकरणाची नोटीस ज्या दिवशी निघेल, त्या दिवसापासून २१ दिवस मोजायचे आहेत. फाइल त्याआधी तयार हवी.