थंडीत ट्रॅक्टर चालू होत नाही : दोष कसा शोधावा?



गळीत हंगाम आणि थंडी बरोबरच येतात. आमच्या विभागाचे काम बेणे, लागण आणि खताचे. ट्रॅक्टर हा काही आमचा विषय नव्हे. पण पहाटे फडावर गेलो की भरलेल्या दोन ट्रॉल्या उभ्या, टोळी शेकोटीभोवती आणि ड्रायव्हर सेल्फ मारून दमलेला, हे दर हंगामात पाहतो. खेप चुकते, तोडलेला ऊस वाळतो आणि वजन घटते ते आपलेच.

सर्वांत अवघड दोष तो, जो कधी असतो आणि कधी नसतो. पहाटे पाचला ट्रॅक्टर ढिम्म, दहाला ऊन पडले की पहिल्या सेल्फला चालू. मिस्त्री येतो तेव्हा सगळे ठीक. मग अंदाजाने सामान बदलायचे, त्यात पहिला नंबर बॅटरीचा. आमच्या गटातील एका सभासदाने अशीच नवी बॅटरी घातली. आठवडा बरा गेला. थंडी वाढताच पुन्हा नुसता 'कट्' आवाज. "साहेब, बॅटरी डुप्लिकेट निघाली बघा!" बॅटरी उत्तम होती. अर्थची केबल इंजिनाला जिथे बोल्टने आवळतात, तिथे खाली गंज होता.

मग दुपारी कसा चालू होत होता? थंडीत इंजिनातले ऑइल घट्ट होते, सेल्फला जोर जास्त लागतो, म्हणजे करंट जास्त ओढला जातो. त्यातच गारठ्याने बॅटरीची ताकदही कमी होते. खराब जोडातून थोडा करंट कसाबसा जातो, जास्त जाऊ लागला की तिथेच व्होल्टेज पडते. दुपारी ऑइल पातळ, करंट कमी, जोड निभावून नेतो. जोड दिवसभर खराबच असतो; तो उघडा पडतो पहाटे. म्हणून तपासणीही पहाटेच, चालू होत नसतानाच करावी.

साधा मल्टीमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन पेट घेऊ नये म्हणून स्टॉपची दांडी ओढून धरलेली. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (वरच्या क्लॅम्पवर नव्हे), दुसरी इंजिनाच्या कोऱ्या लोखंडावर. दुसऱ्याने सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर त्या वाटेवर दोष आहे. हेच पॉझिटिव्ह खुंटी आणि सेल्फचा मोठा बोल्ट यांमध्ये पाहावे. दोन्हीकडे ठीक असूनही सेल्फ मारताना बॅटरीच्याच दोन खुंट्यांवर साडेनऊच्या खाली येत असेल, तर मात्र बॅटरी चार्ज करून तपासून घ्या. मीटर नसेल तर दहा सेकंद सेल्फ मारून जोडांना हात लावून बघा. जो गरम लागेल तो चोर.

जोड उघडताना अर्थ आधी काढावी, बसवताना शेवटी बसवावी. पांढरी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी (पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये), लोखंड पॉलिश पेपरने चकचकीत करावे, घट्ट आवळून वरून ग्रीस लावावे.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही, हा प्रकार वेगळा. तिथे विजेचा शोध व्यर्थ. हातपंप मारल्यावर चालू झाला, तर रात्रीतून डिझेल टाकीकडे उतरून लाइन हवा धरते असे समजा. फिल्टरचे वायसर व पाइपाचे जोड बघा. एअर न काढता सेल्फ मारत राहाल तर चांगली बॅटरीही बसते. हीटर असलेल्या इंजिनात हीटर तापतो का, तेही पाहावे.

आणि कृपा करून चेंबरखाली पेटते बोळे धरू नका. शेजारी पाचट असते, वर डिझेलची लाइन असते. त्यापेक्षा दोन किटल्या गरम पाणी रेडिएटरमध्ये घाला, आधी थंड पाणी काढून. पण कूलंट भरलेले असेल तर तेही नको.