चालत्या यंत्रणेची नक्कल

एखादा कारकून जमाखर्चाची वही लिहीत बसला आहे आणि त्याच वेळी दुसरा मनुष्य त्या वहीची नक्कल उतरवीत आहे, असे समजा. नक्कल करणारा पहिले पान उतरवून पुढे गेला. इतक्यात कारकुनाने त्या पानावरील एक रक्कम खोडून ती दहाव्या पानावर मांडली. दहाव्या पानाशी आल्यावर नक्कल करणाऱ्याने तीच रक्कम पुन्हा उतरविली. प्रत्येक पान मुळाबरहुकूम आहे, तरी सबंध नक्कल खोटी आहे. चालत्या संगणकावरील यंत्रणा दुसऱ्या संगणकावर उतरविताना नेमकी हीच अडचण उभी राहते.

युनिक्स ही कार्यप्रणाली घडविण्यास केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आरंभ केला. तिच्या धर्तीवरील लिनक्ससारख्या प्रणालींचा एक गुण येथे फार उपयोगी पडतो. प्रणालीचे जवळजवळ सर्वस्व फायलींच्या रूपाने एकाच मूळ निर्देशिकेखाली असते. फायली नीट नेल्या म्हणजे बहुतांशी प्रणालीच नेली, असे होते.

परंतु दिसणारी प्रत्येक फाईल खरी नव्हे. 'प्रोक' आणि 'सिस' या निर्देशिकांतील फायली डिस्कवर नसतातच; कोणी वाचू लागला म्हणजे कर्नल, अर्थात प्रणालीचा गाभा, त्या त्या क्षणी त्यांतील मजकूर निर्माण करतो. त्यांपैकी 'केकोर' नावाची फाईल ६४ बिटांच्या नेहमीच्या संगणकावर सुमारे १२८ टेराबाइटांची भासते! नवख्याने ती उतरविण्यास घेतली, तर डिस्क भरून जाईल, फाईल मात्र संपणार नाही. या निर्देशिका नव्या संगणकावर रिकाम्याच निर्माण कराव्या लागतात. शिवाय फाईलचा मालक डिस्कवर नावाने नव्हे, तर क्रमांकाने नोंदलेला असतो. तेव्हा नक्कल करतानाही क्रमांकच जपावेत, नावे नव्हेत.

आता कारकुनाच्या वहीकडे वळू. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी ऑस्ट्रेलियात १९९६ साली 'आरसिंक' हा कार्यक्रम तयार केला. तो दोन्हीकडील फायलींचा आकार व बदलाची वेळ ताडून पाहतो, आणि जी फाईल बदलली असेल तिचेही केवळ बदललेले भाग जाळ्यावरून पाठवितो. म्हणून काम दोन फेऱ्यांत करता येते. एखाद्या ग्रंथालयाच्या देवघेवीचा संगणक बदलावयाचा आहे, असे धरा. पहिली फेरी देवघेव चालू असतानाच होते. तिला काही तास लागले तरी वाचकाचा खोळंबा होत नाही. मात्र ही नक्कल विश्वासार्ह नसते. दरम्यान परत आलेले पुस्तक तीत वाचकाकडेच राहिलेले असू शकते. नंतर देवघेव थांबवून, नोंदींचा विदासंग्रह रीतसर बंद करून दुसरी फेरी करावी. तीत थोडकेच बदल न्यावयाचे असल्याने बहुधा काही मिनिटे पुरतात. ही थोडी मिनिटे वाचविण्याचा मोह अनेकांना होतो आणि पुढे चुकलेल्या नोंदी शोधण्यात दिवस जातात.

फायली पोहोचल्या तरी नवा संगणक लगेच सुरू होईलच असे नाही. डिस्कच्या प्रत्येक विभागाला स्वतःचा ओळखक्रमांक असतो आणि 'एफएसटॅब' या फाईलीत जुन्या डिस्कचे क्रमांक लिहिलेले असतात; ते बदलावे लागतात. आरंभ करून देणारा कार्यक्रम, म्हणजे बूटलोडर, नव्या डिस्कवर वेगळा बसवावा लागतो.

राहिला ओळखीचा प्रश्न. नकलेबरोबर संगणकाचे नाव, जाळ्यावरील ठरीव पत्ता आणि दूरस्थ प्रवेशाच्या गुप्त किल्ल्याही आल्या. दोन्ही संगणक पुढे चालू राहावयाचे असतील, तर नव्यावर या साऱ्या गोष्टी बदलणे भाग आहे. नाहीतर एकाच पत्त्यासाठी दोघे भांडू लागतील. उलट, नवा संगणक जुन्याची जागा घेणार असेल, तर ओळख तशीच ठेवणे सोयीचे. फक्त जुना पुन्हा जाळ्यास जोडू नये. त्याची डिस्क मात्र नव्यावरील नोंदी ताडून होईपर्यंत पुसू नये.