चामडें, वाफ आणि सांचा

पावसांत भिजलेला जोडा रात्रीं चुलीजवळ वाळत ठेवावा आणि सकाळीं तो आंखडून लाकडासारखा कठीण झालेला दिसावा, असा अनुभव आमच्या पुष्कळ वाचकांस आला असेल. जोड्यांच्या कारखान्यांत तेंच चामडें मुद्दाम वाफेंत धरतात, आणि तेथें तें मऊ होऊन कारागिरास हवा तो आकार घेतें. ऊब आणि ओलावा या दोनच गोष्टी. एके ठिकाणीं त्यांनीं जोडा बिघडतो व दुसऱ्या ठिकाणीं त्यांनींच तो घडतो. असें कां होतें, हें या लेखांत पाहावयाचें आहे.

हा विषय घेण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. वर्षारंभीं हजेरीपुस्तक भरतांना आम्ही प्रत्येक मुलास वडिलांचा धंदा विचारीत होतों. एक मुलगा बराच वेळ मान खालीं घालून उभा राहिला आणि शेवटीं अगदीं हळू आवाजांत ‘मजुरी’ एवढेंच बोलला. पुढें आम्हांस कळलें कीं, त्याचे वडील जोडे तयार करणारे निष्णात कारागीर आहेत. त्या वेळीं आम्ही कांहींच बोललों नाहीं. परंतु विज्ञानाच्या तासास चामड्याचा पाठ घ्यावयाचा असें ठरवून, नमुन्यादाखल चामड्याच्या चार पट्ट्या मिळतील काय, असें त्या मुलास एकांतीं विचारलें. दुसऱ्या दिवशीं पट्ट्या घेऊन त्याचे वडीलच शाळेंत आले. त्या दिवशीं वर्गांत जें पाहिलें तें पुढें येईलच. आधीं चामडें म्हणजे काय, हें समजून घेऊं.

जनावराच्या कातड्याचा जो जाड व उपयोगी थर असतो, तो अत्यंत बारीक तंतूंचा बनलेला असतो. या तंतूंच्या द्रव्यास कोलॅजन म्हणतात. हे तंतु कापडांतील सुतांप्रमाणें उभे-आडवे नसून, लोकरीच्या बुरणुसांतील केंसांप्रमाणें चहूंकडून एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणूनच चामडें कोणत्याहि एका दिशेनें सहज फाटत नाहीं. परंतु कच्चें कातडें ओलें राहिलें तर कुजतें आणि वाळलें तर शिंगासारखें टणक होतें. हे दोन्ही दोष टाळण्यासाठीं तें कमवावें लागतें. आपल्याकडे कोल्हापुरी वाहाणांसाठीं बाभळीची साल व हिरडा यांच्या अर्कांत कातडें कमावण्याची रीत प्रसिद्धच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमियम धातूच्या क्षारांनीं कातडें कमावण्याची युक्ति अमेरिकेंत निघाली. तिचें पहिलें महत्त्वाचें पेटंट ऑगस्टस शुल्त्स यानें १८८४ सालीं घेतलें. सालीच्या कमावणीस कित्येक आठवडे लागतात. क्रोमचें काम थोड्या दिवसांत होतें. आज बुटांच्या वरच्या भागासाठीं बहुधा क्रोमचेंच चामडें वापरतात.

कमावलेलें चामडेंहि कोरडें असतां पुष्कळसें ताठ असतें. कारण त्याचे तंतु एकमेकांस चिकटून बसलेले असतात. पाण्याचे सूक्ष्म कण या तंतूंच्या मधें शिरले म्हणजे हें चिकटणें सैल पडतें आणि तंतु एकमेकांवरून सरकूं लागतात. उष्णता मिळाली कीं हें सरकणें आणखी सुलभ होतें. मग अशा स्थितींत चामडें ताणून धरलें आणि ताणलेलेंच वाळूं दिलें, तर तंतु आपल्या नव्या जागीं पुन्हां एकमेकांस धरून बसतात व नवा आकार कायम राहतो. परीट इस्त्री करण्यापूर्वीं कपड्यावर पाणी शिंपडतो, त्यांतील मर्म हेंच आहे. कोरड्या कपड्यावर इस्त्री कितीहि दाबली तरी घडी नीट बसत नाहीं. ओलावा आणि ऊब एकत्र झाली म्हणजे ती तत्काळ बसते.

आतां जोड्याकडे वळूं. कोल्हापुरी वाहाण ही बहुतेक सपाट व उघडी असते; तिच्यासाठीं चामड्यास पावलाचा सगळा आकार देण्याची गरज पडत नाहीं. बुटाची गोष्ट निराळी. चामड्याचे सपाट तुकडे कापून व शिवून बुटाचा वरचा भाग प्रथम तयार करतात. कारखान्यांत यास ‘अप्पर’ म्हणतात. नंतर पावलाच्या आकाराचा एक सांचा घेऊन, त्याच्या तळाशीं आंतला तळ खिळवतात, अप्पर त्या सांच्यावर चढवतात आणि त्याची कड चिमट्यानें खालीं ओढून त्या तळावर पक्की करतात. सांगावयास हें सोपें वाटतें. परंतु विद्यार्थ्यांनीं घरीं एक नारिंग घेऊन तें कागदांत गुंडाळून पाहावें. कितीहि काळजी घेतली तरी कागदास चुण्या पडतात, नाहीं तर तो फाटतो. सपाट वस्तु गोलाईवर बसवावयाची असेल, तर तिनें कोठें ताणलें पाहिजे आणि कोठें दाटून आलें पाहिजे. बुटाचा पुढचा गोल भाग व टांच या दोन ठिकाणीं ही अडचण सर्वांत मोठी असते. तेथें कोरडें चामडें जोरानें ओढलें, तर त्याची वरची तकाकीची बाजू तडकते किंवा शिवण उसवते.

यावर उपाय म्हणून जुने कारागीर चामडें भिजवून किंवा ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवीत. ही रीत चांगली खरी, पण तींत वेळ फार जातो. शिवाय चामडें पुष्कळ पाणी पितें, त्यावर डाग पडतात आणि तें वाळण्यासहि उशीर लागतो. म्हणून कारखान्यांत अप्पर कांहीं काळ उबदार व दमट हवेच्या पेटींत ठेवतात, किंवा त्याचा पुढचा भाग ओढण्यापूर्वीं थोडा वेळ वाफेच्या तोटीवर धरतात. येथें वाफेचा एक गुण फार उपयोगी पडतो. एक ग्रॅम वाफेचें शंभर अंशांवर पाणी होतांना सुमारें ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. तेंच एक ग्रॅम उकळतें पाणी चाळीस अंशांपर्यंत निवालें तर अवघ्या ६० कॅलरी मिळतात. ही उष्णता वाफेंत असतांना उष्णतामापकास दिसत नाहीं, म्हणून तीस गुप्त उष्णता म्हणतात. वाफ थंड चामड्यास लागली कीं तिचें पाणी होतें; तें पाणी अल्प असतें, पण त्याबरोबर मिळणारी ऊब पुष्कळ असते. चामडें चिंब न होतां ओलावा आणि उष्णता ही दोन्ही एकाच क्षणीं एकाच जागीं पोंचतात. पुढें सांच्यावर चढलेला जोडा गरम हवेंतून नेऊन वाळवतात व मग निववतात. पूर्वीं आकार पक्का होण्यासाठीं जोडा कित्येक दिवस सांच्यावरच ठेवावा लागे. आतां तें काम थोड्या मिनिटांत होतें.

पण ऊब आणि ओलावा यांस मर्यादा आहे, आणि या पाठाचें सार त्या मर्यादेंतच आहे. हें पाहण्यासाठीं आम्हीं वर्गांत पुढील प्रयोग केला. कच्च्या कातड्याची, सालीनें कमावलेल्या चामड्याची आणि क्रोमच्या चामड्याची अशा तीन सारख्या लांबीच्या पट्ट्या आधीं भिजवून पाण्याच्या भांड्यांत टांगल्या, पाण्यांत उष्णतामापक ठेवला आणि खालून मंद आंच दिली. पारा साठ अंशांच्या थोडा वर गेला तोंच कच्च्या कातड्याची पट्टी वळवळूं लागली आणि मुलांच्या डोळ्यांदेखत आंखडून गेली. सत्तरापर्यंत सालीच्या पट्टीस कांहीं झालें नाहीं. पण ऐशींच्या आसपास तीहि पीळ खाऊन आखूड झाली. क्रोमची पट्टी मात्र पाणी उकळूं लागलें तरी जवळ जवळ जशीच्या तशी राहिली. क्रोमच्या चामड्याची कमावणी पुरी झाली कीं नाहीं, हें पाहण्यास कमावणारे लोक त्याचा तुकडा उकळत्या पाण्यांत टाकून बघतात, तें याच कारणानें.

आंखडलेली पट्टी पुन्हां ताणून पूर्ववत् करतां येत नाहीं. उष्णतेनें तंतूंची आंतली ठेवणच मोडते. आणखी उकळत ठेवल्यास कच्च्या कातड्याचा शेवटीं सरस होतो. येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हें आंखडणें ओल्या चामड्यास लवकर बाधतें. कोरडें चामडें त्याहून पुष्कळ अधिक उष्णता सोसतें. भिजलेला जोडा चुलीजवळ कां बिघडतो, याचें उत्तर आतां वाचकांस मिळालेंच असेल. तेथें ओलावा आणि ऊब दोन्ही होतीं, पण तीं मोजणारें कोणी नव्हतें आणि चामड्यास आकारांत धरून ठेवणारा सांचाहि नव्हता.

मग चौथी पट्टी निघाली. ती सालीच्या कोरड्या व जाड चामड्याची होती. तिची एक कड आम्ही वांकवूं लागलों तों तिला बारीक भेगा पडल्या. तेव्हां त्या मुलाचे वडील, जे इतका वेळ मागल्या बांकावर स्वस्थ बसले होते, ते उठून पुढें आले. त्यांनीं पट्टीची दुसरी कड किटलीच्या तोंडापासून वीतभर दूर, वाफ निवत येते तेथें धरली आणि वारंवार उलटीपालटी केली. किती वेळ धरावयाची, असें एका मुलानें विचारलें. ते म्हणाले, “घड्याळावर नाहीं बाळ. घडी घालून अंगठ्यानं दाबायची. सुरकुती चटकन् मिटली कीं झालं.” थोड्या वेळानें त्यांनीं पट्टी आमच्या हातीं दिली व म्हणाले, “गुरुजी, आतां ओढा. आणखी धरली तर पीळ पडेल.” आम्हीं ती एका गोल दांड्यावर ओढून बांधली. दुसऱ्या दिवशीं सोडली तेव्हां ती कमानीसारखी वळलेली होती आणि तिच्यावर एकहि भेग नव्हती. आम्हांस उष्णतामापक पाहून जें सांगतां येत होतें, तें त्यांचा अंगठा सांगत होता.

सांच्यावर चामडें ओढण्याचें काम यंत्रानें होणें अशक्य, असें एके काळीं अमेरिकेंतहि समजत असत. तें शक्य करून दाखविणारा यान अर्न्स्ट मॅट्झेलिगर हा १८५२ सालीं दक्षिण अमेरिकेंतील सुरिनाम देशीं जन्मला. त्याची आई आफ्रिकी वंशाची व बाप डच होता. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील लिन हें गांव जोड्यांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध होतें. तेथें तो १८७७ च्या सुमारास आला, दिवसा कारखान्यांत राबला आणि रात्रीं इंग्रजी व यंत्रविद्या शिकला. कारागिरांचे हात चामडें कसें धरतात, ओढतात, दुमडतात आणि खिळा कोठें मारतात, हें त्यानें बारकाईनें पाहिलें व टाकाऊ लांकूड-तारांचे नमुने करून पाहिले. २० मार्च १८८३ रोजीं त्यास पेटंट मिळालें. कुशल माणूस दिवसांत सुमारें पन्नास जोड बसवीत असे. यंत्र दीडशांपासून सातशांपर्यंत बसवूं लागलें. वर्णामुळें लिनमधील कांहीं मंडळ्यांनीं त्यास जवळ केलें नव्हतें. ज्या एका मंडळीनें केलें, तिच्यासाठीं तो आपल्या समभागांचा वांटा ठेवून गेला. १८८९ सालीं, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षीं, तो क्षयानें वारला. त्याचें यंत्र हातासारखें ओढतें. पण हातास चामडें कळतें, यंत्रास तें कळत नाहीं. म्हणूनच यंत्रापुढें येणारें प्रत्येक अप्पर सारखेंच ओलें व सारखेंच ऊन करून द्यावें लागतें, आणि वाफेचें मोजमाप कारखान्यांत इतकें महत्त्वाचें ठरतें.

पालकांच्या उपयोगासाठीं दोन शब्द. जोडा भिजल्यास तो कोरड्या फडक्यानें पुसावा, आंत रद्दी कागद सैलसर कोंबावे व तो सावलींत वारा लागेल असा ठेवावा. कागद ओले झाले कीं बदलावे. विस्तव व कडक ऊन यांपासून त्यास दूर ठेवावें. आंत भरलेला कागद सांच्याचें काम करतो, आणि सावकाश वाळण्यानें चामड्याचे तंतु आपल्या जागीं राहतात. वाळल्यावर थोडें मेण किंवा पॉलिश चोळावें. घट्ट जोडा सैल करण्यासाठीं तो उकळत्या किटलीवर धरूं नये. तें काम जाणत्या कारागिराकडे द्यावें.

आणि विद्यार्थ्यांसाठीं एक. मराठी भाषेचें व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपूर येथें छापून काढणारे डॉ. विल्यम केरी हे तरुणपणीं इंग्लंडांतील नॉर्थॅम्प्टनशर परगण्यांत जोडे शिवीत असत, आणि ती गोष्ट त्यांनीं कधीं लपविली नाहीं. आपल्या देशांत चामड्याचें काम करणाऱ्यांस शेंकडों वर्षें गांवाबाहेर ठेवलें गेलें. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली, तरी मनांतील संकोच कायद्यानें एका दिवसांत जात नाहीं. तो आपल्यालाच घालवावा लागतो. ज्या विद्येस आम्हांला प्रयोगशाळा लागली, ती एका माणसाच्या अंगठ्यांत होती, हें त्या दिवशीं आमच्या सर्व वर्गानें पाहिलें.

प्रयोगानंतर आठ दिवसांनीं तो मुलगा मधल्या सुटींत आमच्याकडे आला आणि हजेरीपुस्तकांतील एक शब्द बदलतां येईल काय, असें त्यानें विचारलें. आम्हीं पुस्तक उघडलें. ‘मजुरी’ हा शब्द खोडून त्याच्या सांगण्याप्रमाणें आम्हीं तेथें लिहिलें: ‘जोडे तयार करणें’.