काळ्या जमिनीतील घराचा पाया व जोते

विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील काळी जमीन कापसाला जितकी मानवते तितकी ती घराला मानवत नाही. या मातीतील चिकण कण पावसाळ्यात पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आक्रसतात. वैशाखात शेतांना पडणाऱ्या रुंद भेगा ही त्याचीच खूण होय. घराच्या कडेची माती लवकर भिजते व लवकर सुकते, मधली मात्र ओल धरून राहते. परिणामी घराखालची जमीन सर्वत्र सारखी वरखाली होत नाही आणि दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघू लागतात. त्या सिमेंटने कितीही बुजविल्या तरी पुन्हा उघडतात, कारण दोष भिंतीत नसून पायाखाली असतो.

म्हणून चराची खोली नकाशातील आकड्यावर न ठरविता मातीवर ठरवावी. काळा थर चार-पाच फुटांत संपत असेल, तर तो ओलांडून मुरुमावर पाया टेकविणे सर्वांत निर्धोक. थर फार जाड असल्यास इतके खोल खणणे परवडत नाही. अशा ठिकाणी रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असे सळईयुक्त काँक्रीटचे भूस्तंभ उपयोगी पडतात. ते सामान्यतः सुमारे ३.५ मीटर खोल, म्हणजे ऋतुमानाचा परिणाम जेथे फारसा पोचत नाही तेथवर नेतात. त्यांना वरून जोडणारी तुळई आणि काळी माती यांमध्ये मोकळी जागा सोडावी लागते. अन्यथा फुगणारी माती तुळईलाच उचलते. हे काम अभियंत्याच्या देखरेखीवाचून करू नये.

जोत्याच्या पातळीवर चारही भिंतींवरून सलग फिरणारा सळईयुक्त काँक्रीटचा पट्टा घालावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळून हजारो माणसे दगावली. भिंतींना एकत्र बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांचे मोल तेव्हा सर्वांना कळले. मात्र जोत्याचा पट्टा घातला म्हणून दारा-खिडक्यांवरचा पट्टा गाळता येत नाही.

खरी चूक पुष्कळदा जोत्याच्या आत होते. चरातून निघालेली काळी माती फुकटची, म्हणून तीच आत लोटली जाते आणि दोन पावसाळ्यांत फरशी उचलते. आतली वरची काळी माती शक्य तेवढी काढून टाकावी. मग मुरूम सुमारे १५ सेंटिमीटरच्या थरांनी पसरावा व प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने चोपावा. त्यावर दगडी सोलिंग, त्यावर काँक्रीट आणि शेवटी शहाबादी फरशी. घराभोवती बाहेर उतरता कोबा करावा; न्हाणीचे पाणी भिंतीलगत मुरू देऊ नये.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. एवढ्याशा घराला खोल पाया कशाला, असे लाभार्थी म्हणतो. पण माती घराचा आकार पाहत नाही. अनुदानाच्या टप्प्यासाठी जोत्याचे छायाचित्र घेतले जाते. त्यात जोते दिसते, जमिनीखालचे काही दिसत नाही. तेव्हा सरपंच, सदस्य वा ग्रामसेवक यांपैकी कोणीतरी चर उघडा असतानाच जाऊन पाहावे. तळाशी पहार मारावी: काळ्या मातीत ती सहज रुतते, मुरुमावर खणखणते.