हात हाही एक कोयताच



खोडवा खुरटण्याचा रोग आपल्या ओळखीचा आहे. रोगट बेट तोडलेला कोयता तसाच निरोगी बेटावर चालवला, की रसाबरोबर जंतू पुढच्या उसात जातात. ऊस वरून हिरवागार दिसतो. नुकसान कळते ते खोडव्यात. म्हणूनच बेणेमळ्यात कोयता निर्जंतुक करून वापरा, असे आम्ही सांगत असतो.

दवाखान्यात हा कोयता म्हणजे माणसाचा हात. डॉक्टरांचा, सिस्टरांचा, आयाबाईंचा आणि भेटायला गेलेल्या आपलाही. जंतूला पाय नसतात. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर तो बहुधा हातावर बसून जातो.

हे कळले कसे?

व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. १८४६ साली सुईणींच्या विभागात शंभरात तीनपेक्षा कमी बाया दगावल्या, तर डॉक्टर व विद्यार्थ्यांच्या विभागात सुमारे अकरा. डॉ. सेमेलवाइस यांनी कारण शोधले. विद्यार्थी प्रेते चिरून थेट बाळंतिणी तपासत होते. मे १८४७ पासून त्यांनी क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने, म्हणजे आपण विहिरीत टाकतो त्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने, हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये शंभरी अठरावर गेलेले मृत्यू जूनमध्ये दोनवर आले. तरी ‘आमचे हात घाण कसे?’ म्हणून बऱ्याच मोठ्या डॉक्टरांनी ते मानले नाही.

हात केव्हा धुवायचे?

जागतिक आरोग्य संघटनेने दवाखान्यातील सेवकांसाठी पाच वेळा ठरवून दिल्या आहेत :

१. रुग्णाला हात लावण्यापूर्वी.
२. सलाईन, ड्रेसिंग यांसारखे स्वच्छतेचे काम करण्यापूर्वी.
३. रक्त, लघवी, पू यांच्याशी संबंध आल्यावर.
४. रुग्णाला हात लावून झाल्यावर.
५. रुग्णाची खाट, चादर, सामान यांना हात लागल्यावर.

हातमोजे घातले म्हणजे हे चुकले असे नाही. मोजे घालण्याआधी आणि काढल्यावरही हात स्वच्छ केलेच पाहिजेत.

साबण की सॅनिटायझर?

हात मळलेले दिसत असतील किंवा रुग्णाला जुलाब होत असतील, तर साबण-पाणीच हवे. बोटांच्या बेचक्या, नखे, अंगठे चोळून ४० ते ६० सेकंद. एरवी सॅनिटायझर २० ते ३० सेकंद, हात आपोआप कोरडे होईपर्यंत चोळावे. संघटनेच्या एका सूत्रात ८० टक्के इथेनॉल असते. ते उसाच्या मळीपासूनही होते. २०२० च्या साथीत महाराष्ट्रातील अनेक साखर कारखान्यांनी सॅनिटायझर बनवले, म्हणजे आपला ऊस असाही दवाखान्यात पोचला आहे. मात्र हातभट्टीच्या दारूने हे काम होत नाही. तिच्यात अल्कोहोल फार कमी असते.

बाटलीवर चिठ्ठी हवीच. ३१ जानेवारी २०२१ रोजी आपल्या शेजारच्या घाटंजी तालुक्यात, कापसी-कोपरी येथे, पोलिओच्या थेंबांऐवजी १२ मुलांना सॅनिटायझर पाजले गेले. त्यांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल करावे लागले. मुले बचावली, पण ही गोष्ट विसरू नये.

आपण काय करावे?

पांढरकवड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात असो की यवतमाळला, बाळंतिणीजवळ जाताना व परतताना हात धुवावेत. बाळाला हातोहात फिरवू नये. रुग्णाच्या खाटेवर गर्दी करून बसू नये. नळाला पाणी किंवा जवळ साबण नसेल, तर सांगावे. पाण्याविना सेवकांनी तरी हात कुठे धुवायचे?

आणि कोणी घाईत थेट जखमेला हात लावू लागले, तर ‘साहेब, सिस्टर, आधी हात धुवून घेता का?’ असे नम्रपणे विचारावे. त्यात अपमान नाही. टोळीच्या मुकादमाला कोयता धुवायला सांगताना आपण लाजत नाही. इथे तर आपले माणूस खाटेवर आहे.

– ऊस विकास अधिकारी