संगणक मध्येच अडला, तर?



पिंपळे सौदागर हे पिंपरी-चिंचवड शहरातले एक जुने गाव. 'सौदागर' हा शब्द तुम्हांला परका नाही. फारसीतून आलेला हा शब्द उर्दूत आणि मराठीत एकाच अर्थाने वापरतात. आज या गावात उंच इमारती उभ्या आहेत आणि जवळच्या हिंजवडीत संगणकावर काम करणारी कितीतरी माणसे इथे राहतात. त्यांच्यापैकी एखाद्या शेजाऱ्याकडून अब्बांनी काही वर्षांपूर्वी जुना संगणक घेतला आहे, असे समजा. त्यात अम्मीचा शिवणकामाचा हिशेब आहे. आपाच्या लग्नाचे फोटोही त्यातच आहेत.

संगणकाचा सगळा कारभार पाहणाऱ्या प्रणालीला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तुमच्या संगणकात विंडोज १० आहे. तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ कित्येक जुन्या यंत्रांवर बसत नाही. म्हणून तुम्ही 'बॉस' ही लिनक्स प्रणाली बसवायचे ठरवता. सी-डॅक या सरकारी संस्थेने ती २००७ साली आणली. या संस्थेचे मुख्यालय पुण्यातच आहे. बॉसवर मराठीही लिहिता येते आणि उर्दूही.

पेन ड्राइव्ह लावून तुम्ही काम सुरू करता. पडद्यावरची पट्टी पुढे सरकते आणि चाळीस टक्क्यांवर थांबते. माउसचा बाणही हलत नाही. आता काय कराल?

बटण दाबून संगणक बंद करण्याची घाई करू नका. तो खरोखरच अडला आहे का, हे आधी पाहा. कॅप्स लॉकची कळ दाबा. तिचा दिवा लागत-विझत असेल किंवा डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर काम चालू असण्याची शक्यता आहे. जुनी यंत्रे सावकाश चालतात. अर्धा तास वाट पाहा.

पण थांबा! फोटो दुसरीकडे उतरवून ठेवले होते ना? हे काम सर्वांत आधी करायचे असते. ते राहिले असेल आणि डिस्कवर नवी प्रणाली लिहायला सुरुवात झाली असेल, तर पुन्हा प्रयत्न मुळीच करू नका. प्रत्येक नव्या लिखाणाने जुने फोटो कायमचे पुसले जाऊ शकतात. डिस्क काढून जाणकाराकडे न्या. लवकर नेली, तर फोटो परत मिळण्याची आशा असते.

फोटो सुरक्षित असतील, तर आता दोष शोधू. एक वही घ्या. संगणक कुठे अडला आणि तेव्हा पडद्यावर काय लिहिले होते, ते टिपून ठेवा. मग काही न बदलता पुन्हा एकदा काम सुरू करा. दर वेळी तो त्याच जागी अडतो का? तसे असेल, तर पेन ड्राइव्हवरची फाइल खराब असावी किंवा डिस्कची तेवढी जागा बिघडलेली असावी. फाइलबरोबर अक्षरांची आणि अंकांची एक लांब ओळ दिलेली असते. तिला चेकसम म्हणतात. आपल्या फाइलची ओळ तिच्याशी जुळवून पाहा. एक अक्षर जरी वेगळे निघाले, तरी फाइल नव्याने उतरवून घ्यावी लागते.

दर वेळी तो वेगळ्या जागी अडत असेल, तर संशय उष्णतेवर, रॅमवर किंवा वीज पुरवणाऱ्या डब्यावर जातो. उन्हाळ्यात आणि रस्त्याकाठच्या धुळीत पंखे लवकर भरतात. संगणक बंद करा, वायर काढा आणि मोठ्या माणसाला जवळ घेऊन झाकण उघडा. धातूच्या सांगाड्याला हात लावून मगच आत हात घाला. मऊ ब्रशाने धूळ काढा. रॅमच्या दोन पट्ट्या असतील, तर एकच ठेवून पाहा, नंतर दुसरी. पट्टीची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसली, तरी पुष्कळदा काम होते. आमच्याकडचे दुरुस्ती करणारे पहिल्यांदा हेच करतात! वीज पुरवणारा डबा मात्र कधीही उघडू नका. बंद केल्यावरही त्यात वीज साठून राहते.

पडदा सुरुवातीलाच काळा झाला, तर बहुधा चित्र दाखवणाऱ्या भागाशी नव्या प्रणालीचे जमत नाही. अशा वेळी सुरुवातीच्या आज्ञेत 'नोमोडसेट' हा शब्द जोडतात.

यांपैकी काहीही करा, पण एका वेळी एकच बदल करा. पंखा साफ केला, रॅम बदलली आणि फाइलही नवी घेतली, तर चालू झालेला संगणक नेमका कशामुळे सुधारला, हे तुम्हांला कधीच समजणार नाही. शेवटी दुकानात जावेच लागले, तर ती वही बरोबर न्या. दुरुस्ती करणारा पहिला प्रश्न हाच विचारील, "कुठे अडतो?"