गर्भाशयातील अस्तर-दहनाची उपकरणे : सुलभता व सुरक्षितता

मासिक पाळीत ८० मिलिलिटरहून अधिक रक्त जाणे म्हणजे अतिस्राव, अशी वैद्यकशास्त्राची रूढ व्याख्या आहे. घरी असे मोजमाप होत नाही. म्हणून तासातासाला कपडा बदलावा लागणे, मोठ्या गाठी पडणे, धाप लागणे ही लक्षणे ओळखावीत. अशा स्रावाने पंडुरोग जडतो. औषधांनी गुण न आल्यास अनेक स्त्रियांना गर्भाशय काढण्याचाच सल्ला मिळतो. या दोन टोकांमधील एक उपाय म्हणजे गर्भाशय जागेवर ठेवून त्याच्या आतील अस्तराचे दहन करणे.

१९८१ साली अमेरिकेत लेसर किरणांनी केलेल्या या उपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. पुढे विजेच्या तारेचा उपयोग होऊ लागला. यात गर्भाशयात दुर्बीण व द्रव सोडावा लागे. तो द्रव रक्तात अधिक शोषला गेल्यास सोडियम घटून मेंदूला सूज येण्याचा धोका असे. साहजिकच कुशल हातांवाचून हे काम होत नसे.

नंतरची उपकरणे वापरण्यास सोपी झाली. १९९७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या फुग्याच्या उपकरणात ८७ अंश सेल्सिअस तापलेला द्रव ८ मिनिटे फुग्यातच राही. २००१ साली तेथे मान्य झालेले रेडिओ-लहरींचे जाळीदार उपकरण सुमारे दीड मिनिटात काम करते. त्यापूर्वी ते कार्बन डायऑक्साइड वायू सोडून गर्भाशयाला छिद्र नाही ना, हे तपासते. गळती आढळल्यास ऊर्जा सुरू होत नाही.

तथापि यंत्राची सुलभता म्हणजे संपूर्ण सुरक्षितता नव्हे. छिद्रातून उष्णता आतड्यापर्यंत पोचू शकते. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे :

१. उपचारापूर्वी अस्तराचा नमुना तपासून कर्करोग नसल्याची खात्री करावी.

२. पुढे मूल हवे असल्यास, गर्भ राहिला असल्यास वा गर्भाशयात जंतुसंसर्ग असल्यास हा उपचार करू नये. पूर्वीच्या शस्त्रक्रियेने गर्भाशयाची भिंत दुबळी झाली असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

३. हे कुटुंबनियोजनाचे साधन नव्हे. उपचारानंतर राहिलेला गर्भ मातेस धोकादायक ठरतो. म्हणून पाळी कायमची थांबेपर्यंत संततिनियमन आवश्यक आहे.

४. नंतर ताप, वाढती पोटदुखी वा दुर्गंधीयुक्त स्राव आढळल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.

काही स्त्रियांना स्राव पुन्हा सुरू होतो व पुढे गर्भाशय काढावेही लागते. हे आधीच स्पष्ट सांगितले जावे. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया टाळण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ साली मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. संमतिपत्रावर अंगठा वा सही करण्यापूर्वी, “याहून सौम्य उपाय आहे काय?” असे विचारणे हा प्रत्येक स्त्रीचा हक्क आहे, हे गावोगावी पोचविणे शिक्षक व आरोग्य सेवकांचे कर्तव्य होय.